मोठा ढोल उत्तर देतो

२ मार्च, रविवार

डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर म्हणजे दातांचे. पण आमच्या घरात त्यांचं नाव निघायचं ते पियानोमुळे. माझी बायको ज्या बँडमध्ये वाजवायची तो त्यांचा. तिला जाऊन आज एकाहत्तर दिवस झाले.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं की २६ एप्रिलला बागेतल्या मंडपात बँडचा कार्यक्रम ठरला आहे. तिच्या जागी वाजवायला एक बाई मिळाल्या आहेत, पण त्यांच्याकडे स्वतःचे ढोल नाहीत. तेवढ्यापुरते तिचे मिळाले तर बरं होईल. मी बघतो म्हणालो. मी बघतो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांना नसावं. ते आभार मानत होते.

ढोल पुढच्या खोलीत खिडकीपाशी उभे आहेत. कोंगा म्हणतात त्यांना. माझ्या कमरेएवढे उंच, पिंपासारखे मधे फुगीर, वर ताणलेलं कातडं. एक धाकटा, एक मोठा. आजारपणात तिचं जिने चढणं बंद झालं तेव्हा ते सरावाच्या खोलीतून घरी आले. घरी बसून हळूहळू वाजवीन, म्हणाली होती. वाजवणं झालं नाही. तेव्हापासून मी ते हलवलेले नाहीत. फक्त पुसतो.

दुपारी अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. जेवलास का, काय जेवलास, हे रोजचं. बोलताना माझा डावा हात मोठ्या ढोलावर होता. "हो, जेवलो," म्हणालो आणि तळहाताखाली कातडं थरथरलं. वाटलं, खालून ट्रक गेला. वाकून पाहिलं तर रस्ता रिकामा. मी पुन्हा बोललो, पुन्हा थरथर. अक्का विचारत होती, ऐकतोयस ना.

४ मार्च

तपासून पाहिलं. मी लिफ्ट तपासणारा माणूस आहे, तेवीस वर्षं तेच काम. एखादी गोष्ट चालते असं लिहिण्याआधी ती तीनदा चालवून बघायची सवय आहे.

उंच आवाजात बोललं तर ढोल गप्प. कुजबुजलं तरी गप्प. दुपारी जेवल्यावर आवाज जसा खाली बसतो, त्या आवाजाला उत्तर येतं. धाकटा ढोल कशालाच उत्तर देत नाही.

कारण साधं आहे. ढोलाचं कातडं शेवटचं ताणून कसलं तेव्हा जो सूर लागला, त्याच्या जवळपास माझा आवाज येतो. शाळेत हा धडा होता, दोन नादकाटे आणि एक टेबल घेऊन मास्तरांनी करून दाखवलं होतं. म्हणजे यात काही नाही. तरी हात उचलवत नव्हता.

संध्याकाळी मोठ्या ढोलाला दिवसभरातल्या चार लिफ्टची हकीकत सांगितली. कापड बाजारातल्या लिफ्टचं दार ओढून लावावं लागतं. दवाखान्यातली दुसऱ्या मजल्यावर चार बोटं वर थांबते. ती असताना ती विचारायची, कसा गेला दिवस. मी म्हणायचो, नेहमीसारखा.

११ मार्च

तीन दिवस हवा दमट. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, दारं चौकटीत अडकतात. मोठा ढोल उत्तर देईना. किती वेळ बोलत होतो कोण जाणे, शेजारच्यांनी येऊन विचारलं, पाहुणे आलेत का.

तिच्या पिशवीतून पाना काढला. ढोलाच्या कडेला सहा नट आहेत. एक कसला की त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. यंत्राच्या बैठकीचे बोल्ट आम्ही असेच कसतो, म्हणजे ताण एकीकडे जात नाही. प्रत्येक नट जरासाच फिरवला, आणि मग बोललो. हाताखाली ती थरथर परत आली, पाण्यावर वारा फिरावा तशी.

हे काही बदलणं नव्हे. जे होतं ते जागेवर आणलं, एवढंच.

१५ मार्च, शनिवार

नाही म्हणायचं ते तोंडावर म्हणावं, म्हणून सरावाच्या खोलीवर गेलो. ती खोली ड्रायव्हिंग स्कूलच्या वर आहे. शनिवारी दुपारी वर्ग नसतो. भिंतींवर रस्त्याच्या खुणांचे मोठे तक्ते आहेत आणि बँड त्यांच्यावरच चालतो, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांचे दोन्ही हात पियानोत अडकलेले, म्हणून ते हनुवटीने तक्ता दाखवतात. 'पुढे अरुंद रस्ता' म्हणजे आवाज कमी करा. 'यू-टर्न' म्हणजे मूळ धुनेवर परत या. सॅक्सोफोन वाजवणारा शिंपी आहे. तो एकदा स्वतःच्या मनाचं वाजवायला सुटला की परत येत नाही. त्याच्यासाठी 'हॉर्न वाजवू नका'. शिंपी त्या तक्त्याकडे पाठ करूनच उभा राहतो.

मी दाराशी थांबलो. ते वाजवत होते, त्यामुळे नाही म्हणता येईना.

ती सांगायची, आमचं तीन घरांचं एक अंगण आहे. एका घरातून लॅटिन ताल येतात, दुसऱ्यातून फंकचं पाय हलवणारं संगीत येतं, आणि तिसऱ्या घरातला जॅझवाला आज काय घेऊन बाहेर येईल ते त्यालाच ठाऊक नसतं. मी मान डोलवायचो. आज जरा कळल्यासारखं वाटलं. खर्जातली बेस गिटार वाजवणाऱ्याला लंबू म्हणतात. त्याचा सूर ठोक्यावर पडत नाही, किंचित आधी पडतो, जिन्याची पायरी वाटलं त्याच्या आधी पायाला लागावी तसा. ड्रमवर शिंप्याचा मेहुणा, तो मात्र पहिला ठोका खिळा मारावा तसा मारतो. या दोघांच्या मधे एक जागा राहते. तिथे तिचं स्टूल होतं, रिकामं. सगळे त्या जागेला वळसा घालून वाजवत होते. ऐकता ऐकता मला वाटलं, त्या जागेतून काही तरी येतंय. डोळे मिटले. खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली आणि त्रिकोणी, गोल, लाल, निळ्या खुणा हळूहळू हलायला लागल्या. किती वेळ गेला कळलं नाही.

याआधी एकदाच आलो होतो, सहा वर्षांपूर्वी. दहा मिनिटांत कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि मी निघालो. खरं तर मला जायची गरज नव्हती, दुसरा माणूस कामावर होता. मी उठलो ते तिने पाहिलं. नंतर तिने कधी बोलावलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

वाजवणं थांबल्यावर डॉक्टरांनी खुर्ची दिली. नव्या बाई मुलांच्या दवाखान्यात नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या एका खुर्चीच्या बैठकीवर हाताने वाजवत होत्या. त्यांनी ढोलाचा विषय काढला नाही. डॉक्टरांनी काढला. विचारलं, कातडी सैल करून ठेवलीत ना. मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की वाजवून झालं की नट सैल करायचे असतात. कातडं सतत ताणात राहिलं की कधीतरी फाटतं. ती दर वेळी करायची, सगळे जिना उतरले तरी तिचं पाना घेऊन चाललेलं असायचं.

मी म्हणालो, "नाही केले. तिने शेवटचे कसले, तसेच ठेवलेत. तो तिचा शेवटचा सूर आहे."

 लंबू एकदम उठला आणि खाली गाडी नीट लावली आहे का बघून येतो म्हणाला. बराच वेळ वर आला नाही. गाडी खिडकीतून दिसत होती. नीट लावलेली होती.

नाही म्हणायचं राहूनच गेलं. निघताना डॉक्टर म्हणाले, घाई नाही.

२५ मार्च

आज एका सोसायटीच्या चिटणीसांशी वाद. लिफ्टचे दोर बदला म्हणून मी दोनदा लेखी दिलं आहे. ते म्हणाले, चांगले तर दिसतात. त्यांना समजावलं की दोर दिसतो तसा नसतो. ताणात राहून राहून तो आतून एकेक तार सोडतो, वरून काही कळत नाही, आणि जुनं आहे म्हणून जीव लावून चालत नाही. ते म्हणाले, तुम्ही फार कडक बोलता हो. मी फार बोललो नव्हतो.

घरी येऊन मोठ्या ढोलाला हे सगळं सांगितलं. उत्तर अंधुक आलं. पुन्हा थोडा कसला. ही चौथी वेळ.

२९ मार्च

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी लिफ्टमध्ये होतो आणि लिफ्ट आडवी चालली होती. घराघरांतून, भिंती न मोडता. कोणाच्या स्वयंपाकघरातून गेली, कोणाच्या वर्गातून, टपाल कार्यालयातून. तिथे ती टेबलाशी बसून पत्रांवर शिक्के मारत होती. ती तिथेच कामाला होती, बँडमध्येही तिला शिक्काताई म्हणायचे. ठक, ठक-ठक, आणि मधे एक जागा सोडून पुन्हा ठक. मी दार उघडायचं बटण दाबलं. दार उघडलं, पण लिफ्ट थांबली नाही. ती वर न पाहता म्हणाली, "सावकाश."

उठलो तर उन्हं भिंतीवर आली होती. सरावाला गेलो नाही. डॉक्टरांनाही कळवलं नाही.

६ एप्रिल, रविवार

कालपासून हवा पालटली. कोरडा वारा, ओठ फुटतात, कपाट आपोआप उघडतं.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मोठा ढोल फाटला. मी स्वयंपाकघरात ताट धूत होतो. आधी वाटलं, वरच्या मजल्यावर फळी पडली. आत आलो तर कातड्यावर कडेपासून मधोमध एक चीर. वारा सुटला होता आणि चिरेच्या कडा थोड्या थोड्या वर येत होत्या, ओठांसारख्या. पुढे होऊन बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. हाताखाली काही नव्हतं, नुसतं फाटलेलं कातडं.

दमट हवेत मी तो कसत गेलो. हवा कोरडी झाली की कातडं आपलं आपण आणखी आखडणार, हे कोणालाही कळलं असतं. मला तर कळायलाच हवं होतं. चार वेळा, प्रत्येकी सहा नट.

७ एप्रिल

कामावर गेलो नाही. तेवीस वर्षांत न कळवता पहिल्यांदा.

८ एप्रिल

अक्का येऊन गेली. फोन उचलत नव्हतो म्हणून. दार उघडल्याबरोबर आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग ढोलाकडे, मग पिशवी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. उत्तर देणं, पाना, सगळं. वाटलं, आता म्हणेल याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिने विचारलं, रोज बोलायचास? म्हटलं, रोज. किती वेळ? म्हटलं, तास-दीड तास.

"मग मला फोनवर नुसतं हं हं का करतोस रे गाढवा?"

 तिने भांडी आवरली. जाताना म्हणाली, ज्यांची वस्तू फोडलीस त्यांना सांगून टाक, मन हलकं होईल. मी म्हटलं, वस्तू आपलीच आहे. ती म्हणाली, तुझी कधीपासून?

१२ एप्रिल, शनिवार

दोन्ही ढोल टेंपोत घालून सरावाला नेले. मधे दोनदा परत फिरावंसं वाटलं.

वर नेऊन ठेवले आणि जे झालं ते सांगितलं. अहवाल देतात तसं, क्रमाने. कधी कसला, किती कसला, कधी फाटला. शेवटी म्हणालो की तिने जाताना लावलेला सूर माझ्या हातून गेला.  शिंप्याने सॅक्सोफोन खाली ठेवला. सिस्टरनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि सवयीने माझं मनगट धरलं.

लंबू तक्त्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "भावोजी, तो सूर ताईचा नव्हता. मी कसला होता."

 त्याने सांगितलं ते असं. ढोल घरी आणून दिले त्या दिवशी मी कामावर होतो. औषधांमुळे तिची बोटं बधिर झाली होती, पाना धरवेना. ती म्हणाली, तूच कस. तो कसत होता तेवढ्यात खालून कोणीतरी हॉर्न मारायला लागलं, कारण त्याची गाडी फाटकासमोर आडवी उभी होती. त्याने घाईघाईने कसेबसे नट फिरवले आणि निघाला. महिनाभर सांगू सांगू म्हणत होता, पण तो तिचा शेवटचा सूर आहे असं मी म्हणाल्यावर त्याची जीभ उचलेना.

मी विचारलं, "मग ती काय म्हणाली? ऐकून?"

"ताई?" लंबूने मान खाली घातली. "म्हणाल्या, बादलीसारखा वाजतोय. राहू दे."

आधी कानशिलं तापली. साडेतीन महिने मी काय जपत होतो. लंबूची घाई आणि फाटकातल्या माणसाचा हॉर्न. मग शिंप्याच्या मेहुण्याच्या नाकातून आवाज आला, त्याने तो खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, आणि मलाच हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसलो. माझ्याबरोबर डॉक्टर हसले, लंबू रडायच्या बेतात होता तोही हसला. हसता हसता माझं पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. कोणी समजूत घातली नाही. डॉक्टर पियानोवर एकच सूर हळू वाजवत राहिले आणि ते बरं वाटलं.

मग जो तो तिच्याविषयी सांगू लागला. वर्षाला एक कातडं ती फोडायचीच. तिचा ठरलेला असा सूर कधी नव्हता. खोलीत आल्यावर आधी टाळी वाजवायची, भिंती काय म्हणतात ते ऐकायची, आणि मग त्या दिवसापुरता सूर लावायची. शिंप्याला ती तोंडावर सांगायची की तुझं शिवण चांगलं आहे, कापणं शीक, म्हणजे थांबायला शीक. माझ्याविषयी काही बोलायची का, हे विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. लंबूने न विचारताच सांगितलं की सरावाला उशीर झाला तर म्हणायची, आमचे हे वाट बघत असतील, बोलणार काही नाहीत, पण दिवा लावून बसलेले असतात.

ते खरं आहे. बसलेलो असायचो.

१९ एप्रिल, शनिवार

नवं कातडं लंबूने आणलं. रात्रभर पाण्यात भिजवलेलं, ओल्या जाड कापडासारखं लागतं. ढोलावर घालून, कडी बसवून, खिडकीतल्या उजेडात मी स्वतः नट लावले. समोरासमोरचे. सिस्टर शेजारी बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, लहान मुलांना पट्टी बांधतानाही असंच करतो, एकीकडून ओढलं की पोरं रडतात. आता दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, मग कसायचं.

मी विचारलं, किती वर्षं वाजवताय. त्या म्हणाल्या, तीन. दवाखान्यात औषधांच्या ट्रेवर वाजवतात म्हणून वॉर्डातल्या मुख्य सिस्टर ओरडतात.

फाटलेलं कातडं डॉक्टर म्हणाले घरी न्या. मी नेलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिपायाने खुर्चीच्या बैठकीला लावायला मागितलं, त्याला दिलं.

२७ एप्रिल, रविवार सकाळ

काल कार्यक्रम झाला. पाच वाजता सुरू व्हायचा होता. मी साडेतीनलाच गेलो, ढोल उचलून ठेवायला कोणी हवंच. मंडपाला फक्त छत आहे, चारी बाजूंनी झाडं. खुर्च्या अजून दुमडलेल्या होत्या. तक्ते नव्हते, त्यामुळे डॉक्टरांनी पुठ्ठ्यावर चार खुणा काढून आणल्या होत्या. शिंप्याची त्यांतली एक कुठे तरी हरवली होती. आपण पाहिलीच नाही असं तो शपथेवर सांगत होता.

ढोल जागेवर ठेवल्यावर सिस्टर पाना हातात घेऊन थांबल्या. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाल्या, "एक विचारू? मोठा त्या कुठल्या सुरावर ठेवायच्या? तुम्हाला माहीत असेल तर मी तसाच लावते. तुम्हालाही बरं वाटेल."

माहीत होतं. म्हणजे बादलीचा सूर मला पाठ होता, आताही घशातून काढून दाखवता आला असता. शिवाय तिच्या पाच-सहा कार्यक्रमांच्या आवाजाच्या फिती लंबूने मला दिल्या आहेत, त्यांत प्रत्येक वेळी सूर निराळा. हे सगळं मनात येऊन गेलं. सिस्टर वाट बघत होत्या.

मी म्हणालो, "ते मला नाही सांगता येणार. तुम्ही वाजवणार आहात, तुम्ही लावा."

त्यांनी मान हलवली. ढोलाशी बसल्या, कान कातड्याजवळ नेला. एक नट, मग समोरचा. मधेच थांबून झाडांकडे बघायच्या, वारा पडायची वाट बघत असाव्यात. मी पुढच्या रांगेतली एक खुर्ची उघडून बसलो. बराच वेळ लागला. मग त्यांनी पाना खाली ठेवला आणि तळहात कातड्यावर पाडला.

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. माझ्या आवाजापेक्षा बराच वर होता, मोकळा, आणि छताखालून निघून झाडांत गेला. मागे लंबूने बेस उचलला आणि ठोक्याच्या किंचित आधी शिरला.

कार्यक्रम संपेपर्यंत मी बसून होतो. फोन दोनदा वाजला, घेतला नाही. आज सकाळी अक्काला फोन केला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मधेच ती म्हणाली, अरे, दूध उतू जाईल माझं, थांब जरा. मी थांबलो, आणि ती परत आल्यावर पुढे सांगायला लागलो.